आल्प्स व्हाया स्लायगो

सगळा दोष तिळगुळाच्या वाटीचा आहे, असं शिरीष उपासनी आजही शपथेवर सांगेल. नंदकुमारने ती वाटी पुढे करून, "काय मग शिरीषराव, स्कीइंग यंदा तरी, का पुन्हा पुढच्या वर्षी?" असं चारचौघांत विचारलं नसतं, तर पुढचं काही घडलंच नसतं. तिळगूळ देताना माणसाने गोड बोलायचं असतं. हा एवढा साधा नियमही नंदकुमारला पाळता आला नाही.

आयर्लंडमधल्या नावन गावात, चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये मराठी मंडळींची संक्रांत चालली होती. नंदकुमार हा शिरीषच्याच वसाहतीतला, तीन घरं सोडून राहणारा. गेल्या फेब्रुवारीत तो सहकुटुंब ऑस्ट्रियाला स्कीइंग करून आला, आणि तेव्हापासून तो पायऱ्या उतरतानासुद्धा गुडघे वाकवून उतरतो. त्याच्या गॉगलचे फोटो मंडळाच्या ग्रुपवर आठ दिवस येत होते. शिरीषने प्रत्येक फोटोला अंगठा दिला होता, आणि प्रत्येक अंगठ्याने त्याच्या मनाला थोडंथोडं लागलं होतं.

"यंदा जातोय आम्ही," शिरीष म्हणाला. "मिड-टर्मच्या सुट्टीत. लक्झरी अपार्टमेंट घेतोय. दार उघडलं की थेट स्लोपवर."

हे तोंडातून गेलं तेव्हा त्याची अकरा वर्षांची मुलगी मुक्ता शेजारीच उभी होती. स्कीइंगला न्यायचं वचन तिला ती तिसरीत असताना मिळालं होतं. चौथीत ते पुढे ढकललं गेलं. आता ती पाचवीत होती, वर्गातली अर्धी मुलं कुठल्या ना कुठल्या डोंगरावरून घसरून आली होती, आणि मुक्ताने गेलं वर्षभर विषय काढलेला नव्हता. तिने मान वर करून बापाकडे एकदा पाहिलं, "ग्रँड," म्हणाली आणि लाडू कुरतडायला लागली.

हा शब्द शिरीषला कधीच सोसला नाही. आयर्लंडमध्ये हवा ग्रँड असते, चहा ग्रँड असतो, परवा हाड मोडलेला पायही ग्रँड असतो. पण मुक्ताच्या या ग्रँडचा अर्थ त्याला बरोबर कळला. 'तू बोल, मी ऐकतेय, माझा विश्वास नाही,' असा तो होता. शाळेत तिने कुणाला काही सांगितलंय का, हे त्याने घरी जाता जाता सहज विचारलं. तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या क्षणी शिरीषने ठरवलं की आकाश कोसळलं तरी ही पोरगी या फेब्रुवारीत स्कीवर उभी राहणार.

आकाश कोसळलं नाही. त्याआधी व्हिसा आडवा आला.

शिरीष मेडिकल उपकरणांच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. तिथे काही बिघडलं की तो रिपोर्ट लिहितो: काय झालं, किती वाजता, किती वेळा, मूळ कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, आणि खाली सही. सही नसलेला रिपोर्ट तो समोरच्याच्या टेबलावर परत ठेवतो आणि एक शब्द बोलत नाही. अशा माणसाचा आयरिश नागरिकत्वाचा अर्ज एका पानावर सही करायची राहिली म्हणून परत यावा, याला काय म्हणायचं? घरात याविषयी बोलायची पद्धत नाही. बायको सुचित्रा आणि मुक्ता यांचे आयरिश पासपोर्ट कधीच आले, शिरीष मात्र भारतीय पासपोर्टवर राहिला, आणि आल्प्समधल्या बर्फाला हात लावायचा तर त्याला व्हिसा हवा होता.

व्हिसाच्या अपॉइंटमेंटची वेबसाइट त्याने तीन आठवडे रोज सकाळी सहाला उघडली. एप्रिलअखेरपर्यंत सगळे दिवस राखाडी, म्हणजे भरलेले. वर ती वेबसाइट आधी त्यालाच विचारायची, तू माणूस आहेस का. आणि ते सिद्ध करायला नऊ चित्रांतून ट्रॅफिकचे दिवे ओळखून दाखव म्हणायची. सतरा वर्षं लोकांच्या चुका पकडणाऱ्या माणसाने दिवे ओळखावेत, आणि खांब हा दिव्याचा भाग धरायचा की नाही यावरून नापास व्हावं, हे त्याला फार लागलं. मंडळातल्या एकाने सांगितलं, दुपारी बारा वाजून तीन मिनिटांनी बघ. दुसऱ्याने सांगितलं, ब्राउझर बदल. नंदकुमारने सांगितलं की त्यांना तर व्हिसा लागलाच नव्हता, पासपोर्ट होते ना. याला सल्ला म्हणत नाहीत.

शेवटी मार्ग दाखवला तो शेजारच्या ब्रीडाबाईंनी. सत्तरीच्या ब्रीडाबाई कुंपणापलीकडून सगळं ऐकत आल्या होत्या. त्यांनी आधी, बर्फासाठी इतक्या लांब कशाला, जानेवारीत माझ्या अंगणात उभं राहा, असं सुचवलं. आणि मग बहिणीच्या गावाहून आलेलं एक रंगीत पत्रक आणून दिलं. पश्चिम किनाऱ्यावरच्या स्लायगोजवळ 'अटलांटिक आल्पाइन' नावाचं काहीतरी निघालं होतं. लक्झरी अपार्टमेंट, दारासमोर स्की-स्लोप, बारा महिने सुरू. पत्रकावर लाल टोपीतली एक मुलगी पांढऱ्याशुभ्र उतारावर उभी होती.

"स्लायगोला बर्फ पडतो?" सुचित्राने विचारलं.

"बनवत असतील," शिरीष म्हणाला. याहून जास्त चौकशी त्याने केली नाही. कारखान्यात सुईच्या टोकाची तीन-तीनदा तपासणी करणाऱ्या माणसाने ती का केली नाही, याचं उत्तर एवढंच की त्याला ते पत्रक खरं असायला हवं होतं.

सोबत नानाही निघाले. नाना, म्हणजे शिरीषचे वडील दीनानाथ उपासनी, नागपूरहून डिसेंबरात आलेले. आई गुडघ्यांमुळे तिकडेच थांबली होती. नानांनी सदतीस वर्षं वीज मंडळात काढली. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली तरी त्यांच्या खिशात टेस्टर असतो. नावनच्या घरी ते आल्यापासून रिकाम्या खोलीत दिवा राहत नाही, आणि टीव्हीचं बटण भिंतीवर बंद केल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.

शुक्रवारी दुपारी सामान गाडीत चढलं. कुकर, पोहे, चकल्या, थर्मल, मोज्यांचे नऊ जोड. सगळे गाडीत बसले, इंजिन सुरू झालं, आणि सगळे नानांसाठी थांबले. "नाना आले की निघू" हे वाक्य शिरीष कळायला लागल्यापासून ऐकत आला होता. नागपुरात लग्नाला निघा, गावाला निघा, रिक्षा फाटकात उभी आणि नाना आत. मग ते येणार, कुलूप ओढून बघणार, आणि निघायचं. आत ते काय करतात हे चाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. रोजची गोष्ट कोण विचारतो?

स्लायगोला पोचल्यावर शिरीषने आधी स्लोप पाहिला. बर्फ नव्हता. टेकडीच्या उतारावर वरपासून खालपर्यंत प्लॅस्टिकच्या पांढऱ्या काट्यांच्या चटया ठोकल्या होत्या, कपडे घासायच्या ब्रशसारख्या. ठिकठिकाणी कारंजी होती आणि ती त्या ब्रशवर पाणी उडवत होती. तिथला व्यवस्थापक पॉड्रिग, लोकरीची टोपी घातलेला साठीचा माणूस, मोठ्या अभिमानाने माहिती देत होता. ब्रश ओला असला की स्की बर्फावरून सरकावी तशी सरकते. कोरडा झाला की अडकते आणि माणूस तोंडावर आपटतो, म्हणून पाणी थांबलं की स्लोप बंद, नियमच आहे तो.

शिरीषने मुक्ताकडे पाहायचं टाळलं. तीच म्हणाली, "इट्स ग्रँड, बाबा." हा दुसरा ग्रँड होता, आणि त्यात दया होती. मुलीने बापाची दया करावी यासारखा अपमान नाही. त्याने तिथल्या तिथे शनिवारी सकाळी दहाचा शिकवणीचा वर्ग नक्की केला.

अपार्टमेंट नंबर एक मात्र खरोखरच लक्झरी होतं. तळमजला, समोर स्लोप, आणि मध्ये छतापासून जमिनीपर्यंत काच. बाहेर लाकडी ओट्यावर गरम पाण्याचा टब. पाय ठेवावा तर फरशीसुद्धा गरम. पण भिंतीवर एक बटण नाही. दिवे, पडदे, हीटर, सगळं एका टॅबलेटवरून चालायचं, आणि तो टॅबलेट आत शिरताच "वेलकम, उपासनी फॅमिली" म्हणायचा. नानांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून चारही खोल्यांच्या भिंती तपासल्या.

"घर आहे, आणि बटन नाही," ते म्हणाले. "हे काय घर झालं का बाप्पा?"

त्यांना इतकं कासावीस झालेलं पाहून सुचित्राने सगळी कपाटं उघडून बघितली, आणि स्वयंपाकघरातल्या उंच प्रेसमध्ये, इथे कपाटाला प्रेसच म्हणतात, तिला फ्यूजबोर्ड सापडला. फ्यूजच्या दोन रांगा आणि मधोमध लालभडक मेन स्विच. नानांनी चष्मा लावून ते बोर्ड बराच वेळ न्याहाळलं. मग त्यांनी प्रेसचं दार अलगद लावलं, सोफ्यावर बसले आणि चहा मागितला. घर त्यांच्या ओळखीचं झालं होतं.

शनिवारी सकाळी मुक्ताच्या पायांत ते बूट चढवायला वीस मिनिटं लागली. तिने केसांची वेणी स्वतःच घातली होती आणि ती घट्ट घातली होती. दहाला पाच कमी असताना सगळे दारात आले. नाना आले, की निघाले. पन्नास पावलांवर स्लोप. शिकवणाऱ्या तरुणीने मुक्ताच्या पायाला स्की लावली, हात धरला, आणि कारंजी थांबली. एक उचकी आल्यासारखा आवाज झाला आणि पाणी गेलं.

पॉड्रिग पंपाच्या खोलीत जाऊन आला. तिथलं बटण चालू होतं, वीजच येत नव्हती. स्लोप बंद. ही दमट हवा, तिला काय म्हणणार, येईल दहा मिनिटांत, असं म्हणून त्याने टोपी सरळ केली. दहा मिनिटं झाली, वीस झाली, नानांच्या नाकाला धार लागली. सगळे परत आले. नाना पुढे होऊन आधी आत गेले. टॅबलेटने पुन्हा स्वागत केलं.

आणि चहा उकळायच्या आत काचेपलीकडे कारंजी सुरू झाली. दोन आयरिश पोरं हसत खिदळत उतारावरून खाली गेली.

"चला," शिरीष म्हणाला. पुन्हा बूट, पुन्हा हेल्मेट, पुन्हा दारात नानांची वाट. ते स्लोपवर पोचले, मुक्ताने हात पुढे केला, आणि उचकी आली.

हे शनिवारी चार वेळा झालं. चार वेळा उपासनी कुटुंब गेलं आणि पाणी थांबलं. चार वेळा ते घरात आले आणि पाणी सुरू झालं. दुपारी जेवताना शिरीषने वरणभाताच्या ताटावरून त्या काचेतून जे पाहिलं, ते तो विसरणार नाही. सहा मुलं, दोन बाप आणि एक आजीबाई आरामात घसरत होती. ओलं ऊन पडलं होतं. सगळं ग्रँड चाललं होतं. मुक्ताची पाठ खिडकीकडे होती. ती मुद्दाम तशी बसली होती, आणि ते पाहून त्याने हातातला घास परत ताटात ठेवला.

"आपण दिसलो की बंद करतात," तो म्हणाला.

"असं कशाला करतील?" सुचित्रा म्हणाली.

"कशाला ते त्यांना विचार. योगायोग एकदा होतो, दोनदा होतो. चार वेळा होत नाही. सतरा वर्षं हेच करतोय मी."

"तू काऊन इतका तापून राहिला रे?" नाना म्हणाले. "लाइन आहे, जाते, येते. आपल्याकडे जात नाही का?"

शिरीषने ताट बाजूला सारलं. सोळा वर्षं या देशात कर भरला, रांगेत उभा राहिला, पावसाला छान म्हटलं, आणि पोरीला एका ओल्या ब्रशवर उभं करायची वेळ आली तेव्हा ही वागणूक. त्याने पिशवीतून फाइल काढली. सुट्टीवरसुद्धा तो कोरे फॉर्म बरोबर ठेवतो, ही गोष्ट सुचित्राने लग्नानंतर दोन वर्षांतच स्वीकारली होती.

रिपोर्ट नऊ पानी झाला. आधी तक्रारी. ओट्यावरचा टब दर वेळी परत आल्यावर गार. ओव्हनवरचं घड्याळ दर वेळी शून्यावर. फरशी दर वेळी थंडगार, फ्रिजला मधूनच घाम. टॅबलेटला तर चार वेळा स्वागत करूनही माणसं लक्षात राहत नव्हती. मग मुख्य आरोप: पाणी किती वाजता गेलं, किती वाजता आलं, आणि त्या वेळी उपासनी कुटुंब कुठे होतं, याचा तक्ता. आणि 'मूळ कारण' या रकान्यात, अक्षर मुद्दाम ठळक काढून: एका जबाबदार व्यक्तीचा अक्षम्य, हेतुपुरस्सर निष्काळजीपणा. मनाचं समाधान झाल्यावर त्याने पॉड्रिगला फोन करून रविवारी सकाळी साडेनऊला समक्ष हजर राहायला सांगितलं. पॉड्रिग ग्रँड म्हणाला.

रविवारी अकराला अपार्टमेंट सोडायचं होतं. दहाचा वर्ग शेवटचा. नऊला शिरीषने रिपोर्ट मुक्तापुढे ठेवला, कारण त्याच्या इंग्रजीतल्या चुका घरात तीच काढते. हाही एक अपमानच, पण जुना. मुक्ता टोस्ट खात पानं उलटत गेली. तक्त्यावर आली आणि थांबली. तिने बोट ठेवलं, खाली नेलं, परत वर आणलं.

"बाबा," ती म्हणाली, "पाणी जातं तेव्हा एव्हरी टाइम अपार्टमेंट रिकामं आहे. आणि आपण आत आलो की येतं. टब पण. क्लॉक पण."

"तेच तर लिहिलंय मी."

"नो, बाबा. लुक." ती आता कागदाकडे पाहत नव्हती.

शिरीषने वळून पाहिलं. निघायची वेळ होत आली होती. नाना कोट घालून, मफलर बांधून, स्वयंपाकघरातल्या त्या उंच प्रेसपाशी उभे होते. एक हात दाराच्या मुठीवर. सगळे बाहेर पडायची वाट बघत.

चाळीस वर्षांचं 'नाना आले की निघू' शिरीषच्या डोळ्यांपुढून सर्रकन गेलं. रिक्षा फाटकात थांबलेली, आई कुरकुरत असलेली, आणि आतून येणारा तो खटका. तो खटका त्याने हजार वेळा ऐकला होता आणि एकदाही ऐकला नव्हता.

"नाना, तुम्ही मेन बंद करता?"

"मंग?" नानांना प्रश्नच कळला नाही. "घराला कुलूप लागलं की मेन बंद करावा लागते."

पुढचं एक मिनिट शिरीष जे बोलला ते इथे सगळं लिहिण्यासारखं नाही. दोन दिवस, पोरगी, चार वेळा बूट, नऊ पानं, आणि या देशात आता तोंड कसं दाखवायचं, असा त्याचा आशय होता. आवाज चढला होता. सुचित्राने दोनदा त्याचं नाव घेतलं. नाना मफलरचं टोक हातात धरून ऐकत राहिले.

मग ते म्हणाले, "शिरीष, मी सदतीस वर्षं जळालेल्या घरांचे पंचनामे केले. आत काय काय पाहिलं ते तुझ्या आईलाबी सांगितलं नाही कधी. पण ज्या घरचे लोक मेन बंद करून गेले, त्या घरी मला एकदाबी जावं लागलं नाही. तुम्ही सारे माझ्यासोबत असता, तरी हात जाते. मी काय करू?"

 शिरीषचा राग गेला नव्हता, पण तो ठेवायला आता जागा उरली नव्हती. त्याच वेळी दारावर टकटक झाली. साडेनऊ झाले होते. शिरीषने हजर राहायला सांगितलेला पॉड्रिग हजर होता.

हातात नऊ पानी आरोपपत्र धरून आरोपीच्या मुलाने खरं काय ते सांगितलं. सांगताना त्याची नजर टेबलावरच्या टोस्टवर होती. पॉड्रिगने टोपी काढली. प्रेस उघडून बोर्ड पाहिलं. पंपाची वायर या घराच्या बोर्डावर कशी, हे त्यालाही माहीत नव्हतं. पंप बंद पडला तरी पाइपात साठलेलं पाणी पाचेक मिनिटं पुरतं, एवढं मात्र त्याला माहीत होतं. नानांनी खिशातून टेस्टर काढला आणि कोपऱ्यातल्या एका फ्यूजवर ठेवला. त्यांनी ती जादा जोडणी पहिल्याच दिवशी पाहिली होती, आणि टबाची असेल असं धरलं होतं. बांधकामाच्या वेळी कुणी तरी तात्पुरती केली आणि तशीच ठेवली, असं ते मराठीत म्हणाले. पॉड्रिगने तेच इंग्रजीत म्हटलं. दोघांनी एकाच वेळी मान हलवली. बांधकामवाले सगळीकडे सारखे, याविषयी त्यांचं दुभाष्याशिवाय एकमत झालं.

मग पॉड्रिगने आपल्या आईची गोष्ट सांगितली. इथे घराघरात पाणी तापवायची टाकी असते, तिला इमर्शन म्हणतात, आणि ती चालू राहिली का या धास्तीत सगळी आयरिश प्रजा जगते. त्याच्या आईने सख्ख्या बहिणीच्या लग्नाला निघालेली भाड्याची बस वाटेतल्या लाँगफर्डहून परत फिरवली होती, वऱ्हाडासकट, इमर्शन बघायला. ते बंदच होतं. लग्न दीड तास खोळंबलं, आणि आईने मरेपर्यंत त्याबद्दल माफी मागितली नाही. सुचित्राने हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा नाना म्हणाले, "बाई शहाणी होती."

दहाला सात मिनिटं होती. मेन चालू ठेवायचा, हे ठरलं. पण नाना दारातून हलेनात. दोन पावलं जायचे आणि मागे बघायचे. तुम्ही व्हा पुढे, मी बसतो इथं, असं म्हणाले. मुक्ता बूट घालून उभी होती. ती म्हणाली, आजोबा नसतील तर मीही जाणार नाही. हे तिने मराठीत म्हटलं, आणि शिरीषला ते दोन्हीकडून लागलं.

तोडगा पॉड्रिगने काढला. कुलूप लागलं की मेन बंद, हाच नियम आहे ना? मग कुलूप लावायचंच नाही. मी बसतो घरात. आणि तो बसला. शिरीषने पैसे मोजलेल्या त्या पांढऱ्या सोफ्यावर, स्टुलावर पाय टाकून, हातात सुचित्राच्या चकल्यांचा डबा घेऊन, उपासनींच्या सुट्टीतला सगळ्यात आरामाचा अर्धा तास त्याने घालवला. नानांनी त्याला बोटाने मेन दाखवला. त्याने छातीवर हात ठेवला. तेव्हा कुठे नाना निघाले.

पाऊस सुरू झाला होता. वरून पाऊस, खालून कारंजी. मुक्ता पहिल्यांदा तीन फुटांवर पडली, दुसऱ्यांदा दहा. तिसऱ्यांदा ती हात पसरून, गुडघे वाकवून, वेणी उडवत थेट खालपर्यंत गेली आणि कडेच्या गादीवर जाऊन आदळली. उठली. आधी तिने बापाकडे पाहिलं, आणि तो त्या पॅरिश हॉलमधला चेहरा नव्हता. शिरीषला व्हिडिओ काढायचा होता, पण त्याचे दोन्ही हात गुंतले होते. तो नऊ पानी रिपोर्ट नानांच्या डोक्यावर धरून उभा होता. नाना टाळ्या वाजवत होते. मुक्ता त्या अर्ध्या तासात अकरा वेळा उतरली. नानांनी मोजलं.

परतीच्या वाटेवर ओला रिपोर्ट मुक्ताने मागून घेतला. सोमवारी शाळेत सुट्टीची बातमी लिहून न्यायची होती. शिरीषने आरशातून पाहिलं, तर ती त्यावर पेनने काहीतरी खोडत होती आणि मध्येमध्ये नानांना अक्षरं विचारत होती. लिहू दे, त्याने मनाशी म्हटलं. तिला सांगायला काहीतरी मिळालं होतं.

नावनला घराचं दार उघडलं आणि आत शिरताच सुचित्रा थांबली. दिवा लागेना. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तर पाणी. फ्रीजरच्या खालून ओघळ निघून तो पार सोफ्यापर्यंत गेला होता. आत महिन्याभराच्या पुरणपोळ्या, मटार, नागपूरहून आणलेले सांडगे, सगळं एक झालं होतं. फ्रीजरच्या भिंतीवरचा बर्फाचा एक पत्रा सुटून फरशीवर पडला होता. अख्ख्या स्की-सुट्टीत उपासनींना खरा बर्फ दिसला तो एवढाच.

"घराला कुलूप लावलं होतं ना," नाना हळूच म्हणाले.

 शिरीषच्या अंगात जे काही चढत होतं त्याला वाट हवी होती, आणि हात सवयीने कोऱ्या फॉर्मसाठी टेबलावर गेला. तिथे मुक्ताने तो रिपोर्ट वाळत टाकला होता. वर नवीन मथळा होता: माय स्की हॉलिडे. 'मूळ कारण' या रकान्यातलं शिरीषचं ठळक वाक्य तिने पट्टीने खोडलं होतं, आणि त्याच्यावर मोठ्या, वाकड्या देवनागरीत लिहिलं होतं: 'आजोबा'. खाली 'पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार' या रकान्यात लिहिलं होतं: 'पुढच्या वर्षी कोणीतरी घरी थांबायचं. बाबा थांबतील.'

शिरीषने ते दोनदा वाचलं. पायाखाली पाणी होतं, मागे नाना टेस्टर घेऊन मेनकडे निघाले होते. त्याने खिशातून पेन काढलं, पान सरळ केलं आणि खाली सही केली. या वेळी तो विसरला नाही.